पडवीतले चार दिवस

शालनबाईचे केस पांढरे आहेत हे साऱ्या आकुर्डीत दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी इंदुताई कासारीण, जी बांगड्यांच्या टोपलीच्या तळाशी कलपाच्या पुड्या घालून आणायची. सतरा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला, अर्जुनरावाला, पत्ता नव्हता. आणि सासूबाई सुभद्राबाई, ज्या बैलाचे दात बघून त्याचे किती धनी बदलले तेही सांगायच्या, त्यांना तर स्वप्नातसुद्धा शंका आली नव्हती. एका घरात, एका चुलीपुढे, सतरा वर्षं असलं काही झाकून ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही.

तिचं माहेर चाकणच्या अंगाला. त्या घरात बायकांचे केस तेराव्या-चौदाव्या वर्षीच पिकायला लागत. आजीचे पिकले, आईचे पिकले, शालनचेही पिकले. पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर आईनं आदल्या दिवशी आवळकाठी, मेंदी आणि निळीचा पाला लोखंडी कढईत भिजवून तिच्या डोक्यावर थापला. दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी रीतीप्रमाणे पोरीला वेणी सोडायला लावली, केस खरे की गंगावन ते ओढून बघितलं, आणि म्हणाल्या, "केस बगा पोरीचं! काळंभोर!" लग्न तिथंच ठरलं. सासरी निघताना सगळ्यांच्या आया सांगतात, नीट वाग, उलटून बोलू नको. शालनच्या आईनं कानात सांगितलं, "नवऱ्यालाबी सांगू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सासरी लपायला जागा मिळाली ती मात्र सासूबाईंच्याच कृपेनं. शेतकऱ्याच्या घरी विटाळाचं एवढं कुणी पाळत नाही. बाई चार दिवस बाजूला बसली तर खुरपायला कोण जाणार? पण या घरात देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता आणि सुभद्राबाईंचा धाक होता. महिन्याचे चार दिवस सुनेनं मागच्या पडवीत बसायचं, घरात पाऊल टाकायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. जेवणाचं ताट उंबऱ्यावरून सरकवलं जायचं आणि एरवी कुणी तिकडं फिरकायचं नाही. गावच्या बाकीच्या सुना शालनची कीव करायच्या. शालन मात्र त्या चार दिवसांची वाट बघायची. पडवीत बसून ती डोक्याला कलप लावायची आणि चौथ्या दिवशी न्हाऊन, काळी होऊन घरात यायची. वाटी दिसली, वास आला तर काय सांगायचं, म्हणून पहिल्याच वर्षी तिनं अर्धशिशी लावून घेतली होती. लेप घातलाय डोक्याला, दुखतंय फार. अर्जुनराव भोळा. तो चिंचवडच्या वैद्याकडून दर महिन्याला अर्धशिशीचं चूर्ण आणून द्यायचा.

हे असंच मरेपर्यंत चाललं असतं. पण दिवाळीनंतर इंद्रायणी शहाणी झाली.

इंद्रायणी म्हणजे शालनची लेक. वय तेरा, चिंचवडच्या शाळेत सातवीत. आता तीही पडवीत बसू लागली, आणि नेमकी आईच्या मागोमाग, एका दिवसाच्या अंतरानं. झालं! शालनची जागा गेली. दोन महिने कलप लावायला मिळाला नाही. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं पांढरं उघडं पडलं. पदर कपाळापर्यंत ओढून ती घरात वावरायला लागली, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणी नुसतं वर बघितलं तरी हात पदराकडे जायला लागला.

एवढ्यानं भागलं असतं तरी चाललं असतं. पण लेकीचंही डोकं वर्षभरापूर्वीच पिकायला लागलं होतं. आधी कानामागं चार केस, मग भांगात, मग पुढची अख्खी बट. त्या पोरीनं पदर कुठं घ्यायचा? परकर-पोलक्यातली पोर. शाळेत मुली तिला म्हातारी म्हणायच्या. "म्हातारे, काठी आणू का?" म्हणून वाट अडवायच्या. सुभद्राबाईंनी उपाय काढला. अकरा रविवार अनवाणी खंडोबाच्या माळावर जायचं आणि भंडारा भांगात भरायचा. पोर सात रविवार गेली. केस पांढरेच राहिले, वर पिवळे दिसायला लागले.

माघातल्या एका बुधवारी इंद्रायणी दुपारीच घरी आली. दारातून आत आली तेव्हा शालन ज्वारी पाखडत होती. पोरीच्या कपाळावरून, कानांवरून, मानेवरून काळे ओघळ आले होते. पांढऱ्या पोलक्याची पाठ काळी झाली होती. शालन सूप टाकून उठली.

"अगं, काय झालं? कुठं पडलीस?"

इंद्रायणीनं पाटी-दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि हुंदके देत, तुटक तुटक सांगितलं. सकाळी तिनं तव्याच्या बुडाची काजळी खरवडून खोबरेल तेलात कालवली आणि केसांना चोपडली. वेण्या घातल्या. शाळेत दोन तास कुणालाच कळलं नाही. शेजारची मुलगी म्हणाली सुद्धा की आज छान दिसतेस. मग मास्तरांनी सगळ्यांना उन्हात कवायतीला काढलं. घाम आला, तेल सुटलं आणि काजळी वाहायला लागली.

"समद्या म्हणत व्हत्या, म्हातारी वितळली, म्हातारी वितळली. मास्तरपण हसलं. मी न्हाई जाणार आता शाळेत. कवाच न्हाई."

शालननं तिला मागं नेलं आणि राखेनं, शिकेकाईनं डोकं धुतलं. काळं पाणी मोरीतून वाहत राहिलं. तिला स्वतःचं लग्न झालेलं वर्ष आठवलं. तेव्हा तिनंही काजळी लावली होती, फक्त ती जास्त हुशार होती, उन्हात गेली नव्हती. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवताना तिचा जीव गलबलला आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचा पदर पुढं ओढला. हे तिचं तिलाच लागलं.

चार वाजता अर्जुनराव पहिली शिफ्ट करून सायकलवरून आला. पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात तो कामाला होता. चहा पिता पिता त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "आमच्या खात्यात हिंदुराव हाय, त्यो कलप लावतोय. साठीचा गडी, पन्नाशीचा दिसतोय. पोरीला आणू का?"

"कलप?" सुभद्राबाई ओट्यावरून कडाडल्या. "तेरा वर्सांच्या पोरीला? कलप लावत्यात म्हातारं नवरदेव, न्हाईतर तमाशातल्या बाया!"

"मग काय, शाळा सोडून घरी बसवायची?"

"बसंना का. सातवीच्या फायनल परीक्षेला बसून काय मामलेदार हुणार हाय? चार रविवार ऱ्हायल्यात, खंडोबा बगंल." मग त्यांचा मोर्चा नेहमीच्या जागी वळला. "पर मी म्हंते, हे आलं कुठनं? आमच्या सात पिढ्यांत असं डोकं न्हाई. मला बगा, पासष्टी आली, निम्मं अजून काळं हाय. आडात न्हाई ते पोहऱ्यात आलं कुठनं?"

चुलीवर ठेवलेला दुसरा चहा उतू गेला. शालननं तो पदरानं धरून उतरवला आणि हात भाजून घेतला. हा आड-पोहऱ्याचा प्रश्न सासूबाई महिन्यातून चारदा विचारायच्या, आणि शालन दर वेळी काहीतरी उतू घालवायची.

अर्जुनरावानं कपबशी खाली ठेवली. "शालन, तू आई हायेस. लावू द्यायचा का न्हाई, तू सांग. तू म्हनशील तसं."

"बगू की," शालन म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. घरातल्या तिन्ही घागरी भरलेल्या होत्या, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढचे सात-आठ दिवस तिला कुठं बूड टेकवेना. भाकरी थापायला बसली की मध्येच उठायची, गोठ्यात जायची, तिथून का आलो ते विसरून परत यायची. निवडलेले तांदूळ तिनं दोनदा निवडले. डोक्यात एकच चक्की फिरत होती. पोरीला कलप लावू द्यायचा की नाही?

लावू दिला तर मुली चिडवायच्या थांबतील, पोर शाळेत जाईल, फायनलला बसेल. हुशार आहे, पुढं शिकेल. एवढं मनाशी ठरवून ती जरा टेकायची, तोच दुसरा विचार मागून यायचा. पोरीचं डोकं काळं झालं की आडाबद्दल कुणी विचारणार नाही. सासूबाई गप्प बसतील. म्हणजे कलप लागणार लेकीच्या डोक्याला आणि अब्रू झाकली जाणार आईची. मग आपण हो म्हणतोय ते कुणासाठी? शालनला स्वतःचाच भरवसा वाटेना.

आणि कलप म्हणजे काय असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कानामागं जळणारी कातडी. उशीवर डाग पडला की तो कुणी उठायच्या आत धुवायचा. दुसऱ्या कुणाला कधी डोक्याला तेल लावू द्यायचं नाही. लग्नकार्यात चार बायका एकमेकींच्या वेण्या घालत हसत बसतात, तिथून काहीतरी निमित्त करून उठायचं. इंद्रायणीच्या वेळी कळा येत होत्या, सुईण ओरडत होती जोर कर म्हणून, आणि शालन पदर दातात धरून बसली होती, की तेवढ्यात घसरायला नको. मुलगी झाली म्हणून सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा जावळ बघितलं होतं. काळं होतं. तिनं देवाचे आभार मानले होते.

पोर शाळेत जाईना. दिवसभर फडकं बांधून बसायची. एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आई, मी काय केलं असंल गं?"

"कशाचं?"

"आजी म्हणती मागच्या जन्मीचं पाप हाय. मला वाटतं याच जन्मीचं असंल. मी एकदा खंडोबाम्होरचा पेढा कुणाला न इचारता खाल्ला व्हता. तवाच पयला केस आला."

"उगं कायबी बडबडू नगं," शालन म्हणाली आणि पुन्हा पाण्याला गेली.

इंदुताई कासारीण आली ती त्याच आठवड्यात. ओट्यावर सुभद्राबाई होत्या, म्हणून तिनं शालनचा हात धरून बांगड्या चढवल्यासारखं केलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरीचं ऐकलं. लाव की तिला. दोन पुड्या तुझ्या, दोन तिच्या. सवय लागली की काय न्हाई बग. तुला न्हाई का लागली?"

"लागली," शालन म्हणाली. तिनं चार पुड्या घेतल्या आणि कनवटीला खोचल्या.

गुरुवारी शालन पडवीत बसली. शुक्रवारी दुपारी इंद्रायणी आपलं घोंगडं घेऊन आली. आता रविवारपर्यंत या दोघी आणि चार भिंती. शालननं दार लोटून घेतलं आणि कनवटीची पुडी काढून पोरीपुढं धरली.

"काय हाय?"

"कलप."

पोरीचे डोळे असे चमकले की शालनला रडू आलं. इंद्रायणीनं चटाचटा वेण्या सोडल्या, पाठ करून बसली, परत वळली, परत बसली. "आजीला कळलं तर? न्हाई कळणार. बाबांना सांगितलंस? कुठनं आणलास? किती दिस टिकतो?" तिला एका जागी बसवेना.

शालननं लोखंडी वाटीत पुडी सोडली, पाणी घातलं, कडुनिंबाच्या काडीनं घोटायला लागली. घट्ट वाटलं तसे अजून चार थेंब घातले, काडीला कसं चिकटतंय ते उचलून बघितलं. हात आपोआप चालत होता. इंद्रायणी मान वळवून बघत होती.

"तुला कसं ठाव, किती पानी घालायचं ते?"

काडी थांबली. इंदुताईनं सांगितलं, हे शालनच्या जिभेवर तयार होतं. सतरा वर्षांत तिला खोटं शोधायला कधी वेळ लागला नव्हता. पण पोर पुढं म्हणाली, "मी दर महिन्याला लावीन. कुनाला सांगनार न्हाई. आई, माज्यासारकं अजून कुनाचं असतं का गं? का मी एकलीच?"

शालननं वाटी खाली ठेवली. पदर मागं टाकला, अंबाडा सोडला आणि पोरीपुढं डोकं वाकवलं.

तिला पोरीची बोटं भांगात जाणवली. हळूच, या बाजूला, त्या बाजूला. सतरा वर्षांत त्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"हे कवापासनं?"

"तुझ्याएवढी व्हते तवापासनं. माझ्या आईचंबी असंच व्हतं. तिच्या आईचंबी."

शालनला वाटलं, आता पोर गळ्यात पडेल. आया असल्याच वेड्या आशेवर जगतात. इंद्रायणीनं हात काढून घेतला.

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले मी."

"मी सात रविवार अनवाणी गेले. तू दारात उभी राहून बघत व्हतीस. मला पायात बाभळीचा काटा गेला, तू मांडीवर पाय घेऊन काढलास. तवाबी न्हाई सांगितलंस! मी म्हनलं पेढ्याचं पाप हाय, तवाबी न्हाई! उठून पान्याला गेलीस!" पोरीचा आवाज फुटला. "तुला ठाव व्हतं. समदं तुला ठाव व्हतं."

ती उठली आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली. एरवी मायलेकींचं वाजलं की एक विहिरीवर जाते, दुसरी शेजारणीकडं, आणि तासाभरात दोघींचं डोकं ठिकाणावर येतं. इथं जायला जागाच नव्हती. शनिवार उजाडला, ताटं सरकवली गेली, दोघी पाठीला पाठ करून जेवल्या. वाटीतला कलप सुकून त्याला भेगा पडल्या. शालन बसून उठायची, उठून बसायची, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायची. माझ्या आईनं मला सांगितलं, मी पोरीला सांगणार, पोर तिच्या पोरीला, असं कुठवर चालायचं? आणि नाही चालवायचं म्हटलं तर उद्या त्या उंबऱ्यातून बाहेर कसं पडायचं? नवऱ्यानं टाकलं तर? तिशी ओलांडलेल्या बाईला माहेर नसतं, आई तर केव्हाच गेली होती.

रविवारी पहाटे न्हायला जाण्याआधी तिनं उरलेल्या तीन पुड्या पोरीच्या घोंगड्याशेजारी ठेवल्या.

"हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. लावायचा तर लाव, मी न्हाई म्हननार न्हाई. पर माझ्यासारका चोरून लावू नगंस. हे पांढरं कुनाकडनं आलंय ते मी जाऊन सांगते."

इंद्रायणीनं मान वळवली नाही.

शालन न्हाली. कलप न लावता न्हाली. ओले केस पाठीवर सोडले, पदर खांद्यावर ठेवला आणि मधल्या घरात आली. अर्जुनरावाला सुट्टी होती, तो सायकलची साखळी पुसत बसला होता. सुभद्राबाई टाकापुढं दिवा लावत होत्या. त्यांनी वळून बघितलं आणि काडी बोटाला पोळेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"आत्याबाई," शालन म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "तुमी इचारत व्हता, कुठनं आलं. माझ्याकडनं आलं. माझं लग्नाआदीपासनं असंच हाय. मी कलप लावत व्हते."

सुभद्राबाईंनी काडी टाकली आणि स्वतःच्या हातांकडं बघितलं. "म्हंजी... मी ह्या हातांनी वेनी सोडून बगितली व्हती की गं! वढून बगितली! बैलाचं दात बगून वय सांगनारी मी!" त्यांना फसवल्याचं दुःख होतंच, पण आपली नजर फसली याचं जास्त होतं. "सतरा वर्सं! सतरा वर्सं माझ्या डोळ्यांत धूळ!" मग एकदम टाकाकडं वळून कानाला हात लावला. "देवा, तुला उगं तरास दिला. पोरीची काय चूक न्हाई." त्यानंतर त्या शालनशी बोलेनाशा झाल्या. जे सांगायचं ते म्हशीला सांगायच्या. "म्हशी, तुझ्या मालकिनीला म्हनावं, ताक घुसळायचं ऱ्हायलंय."

अर्जुनराव साखळी पुसतच राहिला. शालन दाराशी उभी राहिली.

"आन् ते चूर्ण?" तो खाली बघत म्हणाला. "अर्धशिशीचं. दर महिन्याला आनीत व्हतो. त्याचं काय केलंस?"

"खाल्लं."

"डोकं दुकत नसताना?"

"तुमी आनलं व्हतं म्हनून."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "मला तरी सांगायचं व्हतंस, शालन."

"कवा सांगू? पयल्या दिवशी सांगितलं असतं तर दुसरा दिवस असता का?"

तो सायकल घेऊन बाहेर पडला आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत आला. जेवताना म्हणाला, "कालवण चांगलं झालंय." एवढंच. त्यानं तिच्या डोक्याकडं एकदाच बघितलं, पण नीट बघितलं. शालनला त्याचा अर्थ लागेना. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

सोमवारी इंद्रायणी न्हाऊन आली. वेण्या घातलेल्या, पुढची बट पांढरी तशीच. हातात दप्तर होतं. शालननं विचारलं, "लावला न्हाईस?"

"न्हाई." पोर अजून तिच्याकडं बघत नव्हती. "किती दिस टिकतो?"

"महिना जातो. मग मुळाशी दिसाया लागतं."

"मग परत लावायचा?"

"परत."

इंद्रायणीनं दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "मी ठरवीन नंतर. आज शाळेत जाते. पर तू चल संगं. चिंचवडपतोर. पदर पुढं वढून न्हाई यायचं."

घरात सांगणं वेगळं. इथं अख्खा गाव, मग हमरस्ता, मग चिंचवडची आळी. तिनं सासूबाईंकडं बघितलं. सुभद्राबाई म्हशीच्या पाठीवर थोपटत होत्या. "म्हशी," त्या म्हणाल्या, "पोरीला उशीर हुतोय म्हनावं."

दोघी निघाल्या. शालननं पदर अंबाड्यावर ठेवला, भांग सगळा उघडा. इंद्रायणी दोन पावलं पुढं, घुश्शातच. विहिरीवरच्या बायकांचे रहाट थांबले. कुणीतरी म्हणालं, "अगं बया, शालनला काय झालं?" शालनचा हात तीनदा वर गेला आणि तीनदा तिनं तो खाली आणला. रस्त्यावरचे सायकलवाले वळून बघत होते. ऊन भांगावर थेट पडत होतं. तिला परत फिरावंसं वाटत होतं, प्रत्येक मैलाच्या दगडापाशी वाटत होतं, पण पोर पुढं चालली होती आणि मागं वळून बघत नव्हती. मग शालनही चालत राहिली.

शाळेच्या फाटकात मुली उभ्याच होत्या. इंद्रायणीला बघून त्यातली एक पुढं आली, तोंड उघडलं, आणि शालनकडं बघून तसंच राहिलं. कुणी या डोक्याकडं बघत होतं, कुणी त्या.

इंद्रायणी आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. अजून राग गेला नव्हता, आवाज घट्टच होता.

"ही माझी आई," ती म्हणाली. "माझं डोकं हिच्यावर गेलंय."

मग तिनं दप्तर खांद्यावर सारखं केलं आणि त्या मुलींमधून वाट काढत वर्गात गेली.